तिसरी सीट

पत्र, थोडक्यात:

"काका, मी फलटणजवळचा. वय 22, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, हेवी लायसन्स आहे. वडिलांच्या पाच गाड्या आहेत, साखर आणि सिमेंटची भाडी असतात. वडील स्वतः आधी ड्रायव्हर होते. मी कॉलेजपासून डाकार रॅलीतले, म्हणजे वाळवंटातल्या त्या लांब शर्यतीतले, ट्रक बघतोय. तिथला रशियन ट्रक ड्रायव्हर व्लादिमिर चागिन माझा देव आहे. मला ट्रक रेसिंगमध्येच करिअर करायचंय. एका माणसाने परदेशात तीन महिन्यांचं ट्रेनिंग आणि नंतर टीममध्ये जागा मिळवून देतो म्हणून बारा लाख मागितलेत. एक जुनी गाडी विकली तर तेवढे उभे राहतात. वडील म्हणतात, 'तू ड्रायव्हर होऊ नयेस म्हणून तुला शिकवलं.' घरात बोलणं बंद आहे. काय करू?"

आधी बारा लाखांचं. देऊ नकोस. गाडी तर अजिबात विकू नकोस. तीन महिन्यांत ट्रेनिंग आणि लगेच टीममध्ये जागा, असं जो सांगतो त्याने एक तर डाकार पाहिलेलं नाही, किंवा तुझी गाडी पाहिली आहे. त्याला विचार: टीम कुठली, काम कोणतं, पगार किती, व्हिसा कोणता, आणि हे सगळं त्या टीमकडून थेट मला लेखी कधी येणार? टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणाला तर विषय तिथेच संपव.

आता मूळ प्रश्न. ट्रक रेसिंगमध्ये आयुष्य काढता येतं का? येतं. पैसे भरून स्टिअरिंग मिळतं का? तेही मिळतं, पण वेगळ्या लोकांना. डाकारच्या तोडीचा एक ट्रक कोटींत जातो. त्याची प्रवेश फीच दोन आकडी लाखांत असते, आणि मग सोबतची माणसं, सुटे भाग, जहाजाचं भाडं हे सगळं आलंच. युरोपातले कितीतरी उद्योजक हौसेने हा खर्च करतात आणि मजेत धावतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तू बारा लाख घेऊन त्यांच्या रांगेत उभा राहिलास तर तुझ्याकडे कोणी वळूनही बघणार नाही. सुदैवाने विजेत्यांची रांग निराळी आहे, आणि ती गॅरेजच्या मागच्या दाराशी लागते.

तुझ्या देवाचंच बघ. चागिनचे वाळूच्या टेकड्यांवरून उडणारे व्हिडिओ तुला पाठ असतील. त्याच्याआधीची वर्षं व्हिडिओत नाहीत. जन्म 1970 चा, रशियाच्या पेर्म भागातल्या नित्वा गावचा. कामाला लागला तो नाबेरेझ्निये चेल्नी शहरात. कामा नदीकाठचं हे शहर कामाझ ट्रकच्या कारखान्यापायी वाढलं. आपल्याकडे साखर कारखान्याभोवती गाव वाढतं तसं, फक्त पाचेक लाख वस्तीचं. 1988 साली सेम्यॉन याकुबोव यांनी कारखान्यातली माणसं गोळा करून 'कामाझ-मास्टर' ही टीम उभी केली. चागिन त्या टीममध्ये आला तो मेकॅनिक म्हणून. टीमला डाकारचं पहिलं विजेतेपद मिळालं 1996 मध्ये, आणि ते मिळवून देणारा ड्रायव्हर व्हिक्टर मोस्कोव्स्किख होता, चागिन नव्हे. चागिनची पाळी 2000 मध्ये आली, वयाच्या तिसाव्या वर्षी. मग मात्र त्याने थांबायचं नाव घेतलं नाही: 2002, 2003, 2004, 2006, 2010 आणि 2011. सात विजेतेपदं आणि एकूण 63 टप्प्यांमध्ये पहिला नंबर. 2011 नंतर स्टिअरिंग सोडलं आणि त्याच टीमचा प्रमुख झाला. सगळी कारकीर्द एकाच कारखान्याच्या फाटकाच्या आत.

तुला वाटेल, चागिनसारखा माणूस एकच, त्याचा दाखला काय द्यायचा. तर मग 2010 चा त्याचा ट्रक आठव. केबिनमध्ये तिघे होते. स्टिअरिंगवर चागिन, वाट सांगणारा नॅव्हिगेटर सर्गेई सावोस्तिन, आणि तिसऱ्या सीटवर मेकॅनिक एदुआर्द निकोलायेव. पुढच्याच वर्षी निकोलायेव स्वतःच्या ट्रकच्या स्टिअरिंगवर होता. त्याने 2013, 2017, 2018 आणि 2019 अशी चार विजेतेपदं मिळवली. जगातल्या सगळ्यात मोठ्या ट्रक ड्रायव्हरच्या शेजारी बसून, त्याचे हातपाय कसे चालतात ते हजारो किलोमीटर बघून, रात्री त्याच ट्रकखाली झोपून काम करून हा माणूस ड्रायव्हर झाला. असं ट्रेनिंग बारा लाखांतच काय, बारा कोटींतही विकत मिळत नाही. तिथे लोक पगारावर ठेवून ते देतात, कारण त्यांना मेकॅनिक लागतोच.

तिसऱ्या सीटवरच्या माणसाचं काम काय, हे तुझ्यासारख्या गाड्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला दोन मिनिटांत कळेल. साडेआठ-नऊ टनांचा ट्रक, हजाराच्या आसपास हॉर्सपॉवर, ताशी 140 किलोमीटरची मर्यादा, आणि खाली रस्ता नाहीच. वाळूत शिरताना टायरची हवा कमी करायची, दगडांचा पट्टा आला की परत वाढवायची, आणि हे ट्रक चालू असताना, केबिनमधल्या बटणांवरून. आपल्याकडे हवा कमी ठेवून गाडी चालवली तर तुझे वडील ड्रायव्हरला काय बोलतील ते मी इथे लिहीत नाही. तिथे मात्र हवा नेमकी कुठे किती सोडायची यावर टप्पा जातो किंवा राहतो. टायर फुटला तर ते अजस्र चाक तिघांनीच बदलायचं, घड्याळ चालू असताना. इंजिनचं तापमान, तेलाचा दाब, शॉकॲब्सॉर्बर किती गरम झालेत यावर डोळा ठेवायचा. आणि 'मॅरेथॉन' टप्पा असेल त्या रात्री तर टीमची बाकीची माणसं जवळही येऊ शकत नाहीत. जे काही दुरुस्त व्हायचं ते स्पर्धकांच्याच हातांनी. उत्तम ड्रायव्हर आणि कच्चा मेकॅनिक अशी जोडी तिथे दोन दिवस टिकत नाही.

आता एक कटू गोष्ट. चागिनच्या टीममध्ये जायचं स्वप्न असेल तर ते बाजूला ठेव. ती टीम आपल्याच कारखान्यातली, आपल्याच भागातली माणसं घडवते. बाहेरच्या माणसाला तिथे शिरकाव कधीच फारसा नव्हता. शिवाय युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन स्पर्धकांना आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अटींवर सही करणं भाग होतं. कामाझने ती केली नाही आणि 2023 पासून ती टीम डाकारमध्ये नाही. तोवर 19 विजेतेपदं तिच्या नावावर होती. त्यानंतर मैदान मोकळं झालं आणि डच आणि चेक टीम पुढे आल्या. तुझ्या दृष्टीने ही बातमी वाईट नाही, कारण या टीम छोट्या आहेत आणि घरच्या आहेत.

चेक लोकांचा विषय निघालाच आहे तर कारेल लोप्राइसचं नाव तुला माहीत असायला हवं. चागिनच्या आधी ट्रकचा राजा तोच होता. 1988, 1994, 1995, 1998, 1999 आणि 2001 अशी सहा विजेतेपदं, सगळी टाट्रा ट्रकवर. (टाटा नव्हे, टाट्रा. आपल्या लष्कराकडे ही गाडी आहे. बीईएमएल 1986 पासून ती इथे बनवते. 26 जानेवारीच्या संचलनात पिनाका रॉकेट घेऊन जाणारा आठ चाकांचा ट्रक बघ, तोच.) लोप्राइसही कोप्रिव्निचे गावातल्या टाट्राच्या कारखान्यातलाच माणूस. त्या गाडीला नेहमीसारखी चेसिस नसते. मधून एक जाड नळी जाते आणि दोन्ही बाजूंची चाकं आपापली वरखाली होतात. ही रचना कुठे साथ देते आणि कुठे दगा देते हे लोप्राइसला कारखान्यात राहून कळलं होतं, म्हणून तो खड्ड्यात काय होणार हे खड्डा यायच्या आधी ओळखायचा. डिप्लोमा घेतलेला मुलगा म्हणून याच्यावर विचार कर. तू तुझ्या पत्रात डिप्लोमाला एका ओळीत उडवून लावलंस. माझ्या मते तुझ्याजवळचं सगळ्यात मोलाचं तेच आहे, हेवी लायसन्सपेक्षाही.

वडिलांसाठी मात्र मी वेगळं घराणं सांगेन. हॉलंडमध्ये आइंडहोवनजवळ सोन नावाचं गाव आहे. तिथल्या डी रूय घराण्याचा धंदा तुमचाच: ट्रान्सपोर्ट. यान डी रूय यांनी 1987 मध्ये डाफ ट्रकवर डाकार जिंकलं. पुढच्या वर्षी दोन इंजिनांचा ट्रक घेऊन ते असे सुटले की वाळवंटात त्यांनी रॅली ड्रायव्हर आरी वाटानेनच्या प्यूजो कारला मागे टाकलं. ते चित्रीकरण लोक आजही बघतात. तू तर नक्कीच पाहिलं असशील. त्यापुढची गोष्ट मात्र क्वचित कोणी सांगतं. त्याच शर्यतीत त्यांच्या टीमच्या दुसऱ्या ट्रकला भीषण अपघात झाला आणि त्यातला नॅव्हिगेटर मेला. डाफने सगळी टीम मागे घेतली. लोप्राइसचं पहिलं विजेतेपद त्याच वर्षीचं. 1989 च्या डाकारमध्ये ट्रकची स्पर्धाच ठेवली नाही. यान बरीच वर्षं लांब राहिले, पुढे परतले, आणि मुलगा जेरार्ड याने 2012 आणि 2016 मध्ये इव्हेको ट्रकवर विजेतेपद मिळवलं. 2023 ला यानुस व्हान कास्टेरन जिंकला तोही याच घरच्या टीमच्या ट्रकवर. या सगळ्या काळात ट्रान्सपोर्टचा धंदा चालूच होता. कोणी गाडी विकून शर्यतीला गेलं नाही. गाड्या धावत होत्या म्हणून शर्यत परवडली.

2024 आणि 2025 चा विजेता मार्टिन मात्सिक, चेक. त्याचेही वडील डाकारला धावलेले. ही घराणेशाही मला थोडी खटकते, खरं सांगतो. पण ज्या खेळात गॅरेज, मेकॅनिक आणि सुट्या भागांचं कपाट आधी लागतं तिथे ती होणारच. तुझ्याकडे पाच गाड्यांचं गॅरेज आहे. फलटणच्या हिशोबाने ते लहान नाही.

मग करायचं काय. मी तुझ्या जागी असतो तर दोन-तीन वर्षं नुसता हात पक्का केला असता. व्यापारी वाहनं बनवणाऱ्या कंपन्यांचे टेस्टिंग विभाग आपल्या दारातच आहेत: पुण्यात, चाकणला. वाहनांची चाचणी करणारी पुण्याची एआरएआय आहे, नगरला लष्करी वाहनांची चाचणी करणारी व्हीआरडीई आहे, इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा मोठा ट्रॅक आहे. टेस्ट ड्रायव्हर किंवा टेस्टिंग टेक्निशियन म्हणून लागलास तर गाडी जाणूनबुजून मोडेपर्यंत चालवायची आणि ती का मोडली ते लिहून द्यायचं, हे काम तुला पगार घेऊन करायला मिळेल. कारखान्यातून आलेल्या विजेत्यांचं शिक्षण याच जातीचं होतं. तिथे लगेच जमलं नाही तर अवजड गाड्यांच्या कंपनी वर्कशॉपमध्ये लाग. एअर ब्रेक, गिअरबॉक्स, टर्बो, इलेक्ट्रॉनिक डायग्नोसिस, यातल्या एखाद्या कामात तरी तुझं नाव झालं पाहिजे.

सोबत सुट्टीच्या दिवसांत रॅलीच्या आसपास राहा. ड्रायव्हर म्हणून नको, सर्व्हिस क्रू किंवा मार्गावर लक्ष ठेवणारा मार्शल म्हणून. पुणे आणि नाशिक ही रॅलीची जुनी गावं आहेत, तिथल्या क्लबांना माणसं लागतात. गोव्यात पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' होत आलंय. चिखलात विंचचा, म्हणजे ओढयंत्राचा, दोर लावून जीप बाहेर काढणारा सहकारी तिथे ड्रायव्हरइतकाच घामाघूम होतो. राजस्थानात वाळूतल्या क्रॉस-कंट्री शर्यती झाल्या आहेत. स्वतः उतरायची वेळ आली की एफएमएससीआयचं, म्हणजे आपल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं, स्पर्धेचं लायसन्स काढावं लागतं. त्याची माहिती क्लबच देतात, त्यासाठी एजंट लागत नाही.

भारतात ट्रकची शर्यत नाही का, असं विचारशील. टाटा मोटर्सने 2014 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 'टी-वन प्रायमा' सुरू केली होती. पहिल्यांदा ड्रायव्हर परदेशी होते. 2016 मध्ये निवड आणि ट्रेनिंग करून आपल्या हायवेवरच्या ड्रायव्हरांना वेगळ्या शर्यतीत उतरवलं. कल्पना मला फार आवडली होती. ती टिकायला हवी होती, टिकली नाही. शिवाय ती डांबरावरची शर्यत, तुझं वेड वाळूचं.

वाळूचं म्हणशील तर डाकार 2020 पासून सौदी अरेबियात आहे, आणि हे आपल्याला सोयीचं आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काळात ती शर्यत आपल्या मेकॅनिकला स्वप्नातही परवडली नसती. आखाती देशांतल्या अवजड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आपली माणसं वर्षानुवर्षं काम करताहेत. तिथे 'मान', इव्हेको, मर्सिडीज या गाड्यांवर दोन वर्षं हात बसला, कामापुरतं इंग्रजी आलं, आणि जमलं तर थोडं फ्रेंच, की तू टीमना उपयोगी पडणारा माणूस होतोस. लक्षात ठेव, डाकारला शर्यतीचे ट्रक जेवढे दिसतात त्याहून कितीतरी जास्त ट्रक सामान आणि सुटे भाग घेऊन एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर साध्या रस्त्याने जातात. त्यांना ड्रायव्हर लागतात, मेकॅनिक लागतात. आणि शर्यतीतल्या ट्रकमध्येही काही असे असतात की त्यांचं खरं काम मागून येऊन आपल्या टीमच्या कारला सुटे भाग पोचवणं. नंबर काढायची चिंता त्यांना नसते. रात्रभर चालवून सकाळी गाडी जागेवर पोचवणाऱ्याला तिथे मान आहे, आणि ते तर तुमच्या घरात सगळ्यांना येतं.

आपली माणसं तिथे पोचलीच नाहीत असं नाही. बंगळुरूचा सी. एस. संतोष 2015 मध्ये मोटरसायकलवर डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, 36 व्या नंबरने. पुण्याचे संजय टकले 2025 च्या 'डाकार क्लासिक'मध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या गटात, लँड क्रूझर घेऊन धावले. भारतीय ट्रक टीम मात्र माझ्या डोळ्यांसमोर नाही. तू चागिन होशील का? बहुतेक नाही. तिशीपर्यंत डाकारच्या मुक्कामावर पगारी मेकॅनिक म्हणून ट्रकखाली पडलेला असशील का? हे शक्य कोटीतलं आहे, आणि तिथून तिसरी सीट काही फार लांब नाही. त्या कामाने तुला आनंद होणार नसेल, स्टिअरिंगखेरीज बाकी सगळं कमीपणाचं वाटणार असेल, तर हा नाद आत्ताच सोड. मग तुला ट्रक आवडत नाहीत, टाळ्या आवडतात.

पाठीचीही आठवण देतो. टेकडीवरून उडालेला नऊ टनांचा ट्रक जमिनीवर आदळतो तेव्हा त्यातला बराचसा भार मणक्यांवर येतो. मणके मोडून कारकीर्द संपलेले लोक या खेळात आहेत. संतोषचा 2021 मध्ये सौदीतच भयंकर अपघात झाला, त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवून उपचार करावे लागले. वाचला. ज्या टीमबरोबर जाशील तिच्याकडून वैद्यकीय विमा आणि माघारी आणण्याचा खर्च कोण करणार हे कागदावर घे. मेकॅनिक म्हणून गेलास तरी घे.

राहिले वडील. ते चुकीचं बोलत नाहीत. ज्याने हायवेवर रात्री काढल्या, नाक्यावर हुज्जत घातली, ज्याला कोणी 'अहो' म्हटलं नाही, त्याला 'ड्रायव्हर' या कामाचं काय वाटतं ते तू त्याच्या तोंडून एकदा नीट ऐक. मध्ये डाकार आणू नकोस. त्यांचा विरोध शर्यतीला नाहीच. त्यांना वाटतंय, आपण ज्यातून सुटलो त्यात पोरगा परत चाललाय, वर गाडीही विकून. त्यामुळे त्यांच्यासमोर 'मला ड्रायव्हर व्हायचंय' हे वाक्य नको. 'मी पुण्यात टेस्टिंगच्या नोकरीला अर्ज करतोय, आणि शनिवार-रविवार आपल्या पाचही गाड्यांचं मेंटेनन्स माझ्याकडे' असं सांग, आणि ते पाळ. सहा महिन्यांत गाड्यांचा डिझेल आणि टायरचा खर्च थोडा जरी खाली आला तरी बोलणं सुरू होईल, कारण त्या आकड्यांवर त्यांचं रोज लक्ष असतं. यान आणि जेरार्ड डी रूय यांचा जुना व्हिडिओ त्यांना त्यानंतर दाखव. बारा लाख मागणाऱ्याला मात्र आजच नाही म्हणून सांग, आणि टोकन म्हणून काही दिलं असशील तर तेही वडिलांना आजच सांगून टाक. ती गोष्ट बाहेरून कळली तर पुढचं काहीच बोलता येणार नाही.